म्हाताऱ्या कुत्र्याचा घास

६ जून १८३२ रोजी मुंबईच्या कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, पोलिसांचे शिपाई भटकी कुत्री मारत फिरत होते. उन्हाळ्यात कुत्री मारायचा नियम कंपनी सरकारने आधीच केलेला होता. त्या वर्षी मुदत वाढवली होती आणि दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत होते. आठ आणे तेव्हा लहान रक्कम नव्हती. त्यामुळे शिपाई उकिरड्यावरच्या कुत्र्यांपाशी थांबले नाहीत, लोकांच्या दारातली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशांचा जमाव जमला आणि शिपायांना चोप बसला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. पारशांबरोबर इतर धर्मांच्या दुकानदारांनीही फळ्या लावल्या. गोऱ्या पलटणीकडे जाणारा शिधा अडवला गेला. शेवटी सरकारला सैन्य बोलवावं लागलं. इतिहासात याला 'बॉम्बे डॉग रायट्स' म्हणतात. इंग्रज आमदानीतल्या मुंबईतल्या सुरुवातीच्या मोठ्या दंगलींपैकी ही एक, आणि ती कुत्र्यांवरून झाली.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. इतिहासाचं माझं शिक्षण दहावीच्या पुस्तकापाशी थांबलं. हे सगळं मी वाचायला लागलो ते मोत्यामुळे. मोत्या आमच्या आजीचा कुत्रा, वय वर्षं तेरा, मुक्काम वाढवण, तालुका डहाणू. वाढवण म्हटलं की आता लोक बंदराचंच विचारतात. २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेलं ७६ हजार २२० कोटींचं बंदर. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझा प्रश्न त्यापुढे फारच छोटा आहे: कुत्र्याचं काम संपलं, डोकं चालेनासं झालं, की घरात त्याची जागा काय? या प्रश्नाचं एक जुनं उत्तर आमच्याच किनाऱ्यावर सापडेल, असं मला वाटलं नव्हतं.

वाढवणहून उत्तरेला निघालं की डहाणू, घोलवड, बोर्डी आणि मग गुजरातची हद्द ओलांडून संजाण. इराणातून आलेले पारशी आधी संजाणला वसले, असं त्यांची परंपरा सांगते. पुढे संजाण पडलं तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, बोर्डीजवळच्या बहरोटच्या डोंगरात नेऊन लपवला आणि बारा वर्षं तिथल्या गुंफेत जपला, असं मानतात. हाच अग्नी १७४२ पासून उदवाड्याला आहे. नंतरच्या काळात इराणच्या यज्द भागातून आणखी झरथुष्ट्री लोक आले. त्यांना आपण इराणी म्हणतो. डहाणू-घोलवडच्या ज्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या चिकूच्या वाड्या वाढवण्यात या इराणी कुटुंबांचा मोठा हात आहे.

या लोकांच्या धर्मग्रंथात कुत्र्यांवर प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. 'वेंदिदाद' हा शुद्धाशुद्धीच्या नियमांचा ग्रंथ. त्याचं तेरावं प्रकरण वाचताना मला एखाद्या कंपनीची एचआर पॉलिसी वाचतोय असं वाटलं, इतकं ते तपशीलवार आहे. मेंढरं राखणारा कुत्रा, घर राखणारा कुत्रा, भटका कुत्रा, पिल्लू, अशा प्रत्येकाचा दर्जा ठरलेला. राखणदार कुत्र्याला वाईट अन्न घालणं म्हणजे घरच्या धन्याला वाईट अन्न वाढण्याइतका गुन्हा. एका कुत्र्यात आठ जणांचे स्वभाव असतात असंही त्यात म्हटलंय. त्यात पुरोहित आहे, योद्धा आहे, चोर आहे आणि झोपाळू लहान मूलही आहे.

मी थांबलो ते मात्र पुढच्या भागापाशी. घरातल्या कुत्र्याचं भान सुटलं, त्याला वास येईनासा झाला तर काय करायचं? ग्रंथ सांगतो, धर्मातल्या माणसावर करावेत तसे त्याच्यावर उपचार करा. त्याने ते घेतले नाहीत तर त्याला इजा होणार नाही असं बांधून सांभाळा. आणि असा कुत्रा खड्ड्यात, विहिरीत किंवा नदीत पडून जखमी होऊन मेला, तर दोष सांभाळणाऱ्याचा. त्या कुत्र्याने पूर्वी किती चोर पकडले होते, याची अट कुठेच नाही. तो घरातला आहे, एवढं पुरेसं आहे.

पारशांमध्ये अंत्यविधीच्या वेळी मृतदेहापाशी कुत्रा आणण्याची रीत आहे, तिला 'सगदीद' म्हणतात, म्हणजे कुत्र्याची नजर. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, 'चार डोळ्यांचा' कुत्रा त्यासाठी उत्तम मानला जातो. पण मला या मोठ्या विधीपेक्षा रोजच्या घासाची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मेरी बॉइस या इंग्रज अभ्यासक बाई १९६३-६४ मध्ये यज्दजवळच्या शरीफाबाद गावात झरथुष्ट्री कुटुंबांसोबत राहिल्या. कुत्र्याला घास घालणं तिथे कर्तव्य मानलं जाई, हौस नव्हे, हे त्यांनी नोंदवलंय. घरचा कुत्रा मेला तर जुन्या पवित्र सदऱ्यात गुंडाळून त्याला निरोप देण्याचीही तिकडे रीत होती.

आता आपल्याकडे येऊ. मराठी इतिहासातला कुत्रा म्हटलं की रायगडावरच्या वाघ्याचा वाद निघतो. तो मी मुद्दाम बाजूला ठेवतोय, कारण नोंदींच्या दृष्टीने जास्त भक्कम कुत्रा साताऱ्याला आहे. छत्रपती शाहू महाराजांचा खंड्या. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा या कुत्र्यामुळे महाराजांचा जीव वाचला. त्यांनी त्याच्या नावाने जहागिरीची सनद काढली, पालखीचा मान दिला. साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. ग्रँट डफ १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात हेही सांगतो की महाराजांनी एकदा दरबारात या कुत्र्याला जरीचे कपडे आणि दागिने घातले आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. डफ याची गणना महाराजांच्या बुद्धिभ्रंशात करतो. लोकांनी राजाची लहर सांभाळली आणि पालखीचा सरंजाम चालू ठेवला, असा त्याचा सूर आहे.

डफचं बरोबर की चूक यात मी पडत नाही. मला खंड्याच्या गोष्टीत एक जागा रिकामी दिसते. वाघ कधी आला ते आहे, पालखी मिळाली ते आहे, समाधी आहे. मधली वर्षं नाहीत. खंड्याला दिसेनासं झालं का? पालखीत बसवल्यावर तो घाबरायचा का? त्याला रात्री झोप लागायची का? कर्नाटकात अतकूरला दहाव्या शतकातला एक वीरगळ सापडला, काली नावाच्या कुत्र्याचा. तो रानडुकराशी झुंजताना मेला. आपल्या मुंबई पोलिसांचा झंजीर १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर हजारो किलो स्फोटकं शोधून गेला आणि २००० मध्ये वारला, तेव्हा त्याला शासकीय इतमामात निरोप मिळाला. या सगळ्यांची आठवण त्यांच्या पराक्रमाला चिकटलेली आहे. तेरा वर्षं इमानाने भुंकून मग भिंतीकडे बघत बसणाऱ्या कुत्र्याला वीरगळ मिळत नाही.

मोत्याचा पराक्रम म्हणाल तर बोंबील. दिवाळीनंतर आजीच्या अंगणात बांबूंवर बोंबील वाळायला पडले की कावळे आणि मांजरं हाकलायचं काम त्याचं. पहाटे होडीवरून माणसं आली की किनाऱ्यावर जाऊन हजेरी लावायची, परतताना तीन घरांत डोकवायचं, दुपारी ओट्याखाली झोपायचं, रात्री वाडीत फेरी. हे टाइमटेबल त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मग पाय दुखायला लागले. आजीने बोंबलांवर जाळं टाकलं. काकांनी वाडीच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवलं. एकेक करत त्याची सगळी कामं गेली. कोणी वाईट हेतूने काही केलं नाही, उलट त्याला आराम मिळावा म्हणूनच केलं.

गेल्या पावसाळ्यात तो बदलला. दाराच्या उघडणाऱ्या बाजूऐवजी बिजागरीच्या बाजूला नाक लावून उभा राहायचा. माठामागच्या कोपऱ्यात शिरायचा आणि मागे फिरायचं कसं हेच विसरायचा. दिवसा झोप, रात्री दोन वाजता विव्हळणं. एकदा काकांवरच गुरगुरला, ज्यांनी त्याला पिल्लू असताना पोत्यात घालून घरी आणलं होतं. शेजारचे म्हणाले, म्हातारचळ लागलाय. काका म्हणाले, डॉक्टरांना बोलवून एक इंजेक्शन देऊन टाकू, हाल नकोत. काकांचा जीव त्याच्यावर आमच्यापेक्षा जास्त आहे, त्यामुळे ते हे सहज बोलले नव्हते. मी पुण्याहून म्हणालो, माझ्याकडे आणतो. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, एसी, जवळच दवाखाना. आजी काहीच बोलली नाही.

'म्हातारचळ' हा शब्द किती जुना असेल माहीत नाही, पण कुत्र्यांच्या बाबतीत त्याला आजार म्हणून नाव मिळालं ते साधारण १९९० च्या दशकात. 'कॅनाइन कॉग्निटिव्ह डिसफंक्शन', म्हणजे कुत्र्यांचा स्मृतिभ्रंश. म्हाताऱ्या कुत्र्याच्या मेंदूत बीटा-अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं, आणि अल्झायमर झालेल्या माणसाच्या मेंदूतही तेच साचतं. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाने एक पाहणी प्रसिद्ध केली. दिशा हरवणं, घरच्यांशी वागणं बदलणं, झोपेचं चक्र उलटणं, घरात घाण करणं, यांपैकी किमान एक लक्षण ११-१२ वर्षांच्या २८ टक्के कुत्र्यांत होतं आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत. म्हणजे मोत्या वेडा झाला नव्हता, त्याच्या वयाच्या रांगेतच उभा होता.

दुसरा अभ्यास टोरांटोचा. नॉर्टन मिलग्राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४८ म्हाताऱ्या बीगल कुत्र्यांचे चार गट केले आणि त्यांना दोन वर्षं पाहिलं. एका गटाला अँटिऑक्सिडंटयुक्त खास अन्न. दुसऱ्याला नेहमीचं अन्न, पण सोबतीला दुसरा कुत्रा, खेळणी, आठवड्यातून दोनदा फेरी आणि शिकायला नवी कोडी. तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला काहीच नाही. २००५ मध्ये निकाल आला: अन्नाने फायदा झाला, सोबत-फेरी-कोडी यांनीही झाला, आणि दोन्ही मिळालेले कुत्रे सगळ्यांत पुढे राहिले. म्हातारा मेंदू शिकू शकत होता. त्याला शिकायला काहीतरी मिळणं गरजेचं होतं.

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या 'डॉग एजिंग प्रोजेक्ट'ने १५ हजारांहून जास्त कुत्र्यांची माहिती तपासली. सारख्या वयाच्या आणि सारख्या तब्येतीच्या कुत्र्यांत, हालचाल न करणाऱ्यांमध्ये या आजाराची शक्यता खूप हालचाल करणाऱ्यांच्या सुमारे साडेसहा पट दिसली. इथे सावध राहायला हवं. बसून राहिल्यामुळे आजार झाला की आजारामुळे बसून राहिले, हे अशा पाहणीतून कळत नाही. डेटावर काम करणाऱ्याला तरी हा फरक सोडून चालत नाही. पण टोरांटोचा प्रयोग शेजारी ठेवून पाहिला की वाट कुठे जाते ते दिसतं.

वाटेतली पहिली पायरी डॉक्टर होती. डहाणूच्या डॉक्टरांनी मोत्याला तपासून सांगितलं की निम्मं दुखणं डोक्यात नाही, सांध्यांत आहे. रात्रीचं विव्हळणं त्यातलंच. एका डोळ्यात मोतीबिंदू, दाढ किडलेली. दुखण्याचं औषध सुरू झालं, दाढ काढली, आणि रात्रीचा आवाज अर्ध्यावर आला. हे आधी करायला हवं, कारण दुखणाऱ्या कुत्र्याला कोडी घालण्यात काही अर्थ नाही.

मग कामांची यादी. मी चक्क एक्सेल शीट केली, आजी हसली. डोळे आणि कान गेले तरी म्हाताऱ्या कुत्र्याचं नाक बरंच टिकतं, म्हणून सुरुवात नाकापासून. २०१९ मध्ये दुरांतों आणि हॉरोविट्झ या दोन संशोधक बायकांनी एक छोटा प्रयोग केला होता. काही कुत्र्यांना दोन आठवडे रोज वासाने खाऊ शोधायला लावलं, काहींना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायला. नंतर अशा जागी वाटी ठेवली की ती भरलेली आहे की रिकामी याचा अंदाज येऊ नये. वास घेणारे कुत्रे पूर्वीपेक्षा लवकर वाटीकडे गेले. त्यांचा अंदाज आशेकडे झुकला होता.

आजीने हे ऐकलं आणि मोत्याची भाकरी ताटलीत वाढणं बंद केलं. आता ती भाकरीचे तुकडे आणि उकडलेल्या माशाचे काटे काढलेले घास अंगणात चार ठिकाणी ठेवते: तुळशीमागे, करवंटीखाली, जुन्या जाळ्याच्या घडीत आणि ओट्याच्या पायरीवर. पहिल्या दिवशी त्याला एकच सापडला. आठवड्याने चारही, पंधरा मिनिटं लावून. बोंबलांवर जाळं आहेच, पण त्याचं पोतं बांबूंजवळ हलवलंय. कावळा आला की आजी हाक मारते, "मोत्या, बघ रे!" तो उठत नाही, मान वर करून एकदा भुंकतो. तेवढ्याने कावळा उडतो आणि मोत्याही सुखावतो. सकाळी काका त्याला किनाऱ्यापर्यंत नेतात. तीन घरांत तो अजून डोकावतो. चालायला दहा मिनिटं लागायची तिथे चाळीस लागतात, कारण प्रत्येक खांबापाशी वाचन चालतं. त्याला ओढायचं नाही, हा नियम. घरातलं सामान हलवायचं नाही, रात्री ओट्यावर मंद दिवा, निसरड्या फरशीवर गोणपाट. याचा खर्च दिव्याच्या बिलाएवढा.

मग मी त्याला पुण्याला का नेलं नाही? याचं उत्तर मला विरारमध्ये मिळालं, जे आमच्याच पालघर जिल्ह्यात आहे आणि आमच्याच लोकलच्या मार्गावर. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या मॅक्स, सीझर, टायगर आणि सुलतान या लॅब्रॅडॉर कुत्र्यांनी काम केलं होतं. निवृत्तीनंतर ते विरारच्या एका फार्मवर एकत्र राहिले. खंड्याच्या गोष्टीतली रिकामी जागा इथे थोडी भरते, कारण या चौघांच्या म्हातारपणाच्या बातम्या झाल्या. २०१६ या एकाच वर्षात चौघेही गेले. मॅक्स, मग सुलतान, मग टायगर. टायगर गेल्यावर सीझर खचला, असं तेव्हा वर्तमानपत्रांनी लिहिलं होतं. ऑक्टोबरमध्ये तोही गेला. वय झालेलं होतं, आजार होते, तेव्हा दुःखाने मेला असं मी म्हणणार नाही. पण त्यांची सोबत हा त्यांच्या औषधाचाच भाग होता, एवढं त्यावरून समजतं.

मोत्याची सोबत म्हणजे आजी, काका, तीन घरं, किनारा आणि वासांचा एक नकाशा, जो त्याने तेरा वर्षांत पाठ केलाय. डोळा गेला तरी त्या नकाशावर तो चालतो. सातव्या मजल्यावर त्याला लिफ्टचा वास, फिनाईलचा वास आणि दिवसभर मिटिंगमध्ये असलेला मी, एवढंच मिळालं असतं. दवाखाना जवळ असता, पण गाव गेलं असतं. म्हणून तो तिथेच राहिला. मी महिन्यातून दोनदा वाणगाव स्टेशनला उतरतो, एवढा बदल झाला.

काकांच्या इंजेक्शनच्या प्रश्नाचं काय? तो आम्ही पुसून टाकला नाही. खाणं, उठून उभं राहणं, आजीच्या हाकेला मान वळवणं, या तीन गोष्टींवर लक्ष ठेवायचं आणि त्या एकामागून एक जायला लागल्या तर पुन्हा बसून बोलायचं, असं ठरलंय. सांभाळणं म्हणजे कसंही करून ओढत नेणं नव्हे, यावर आता घरात एकमत आहे. हा आजार बरा होत नाही. मोत्या अजूनही महिन्यातून एखाद्या वेळी माठामागे अडकतो. कोणीतरी जाऊन त्याला अलगद फिरवतं.

एक गोष्ट मात्र मला पटली आहे. खंड्याला पालखी मिळाली ती उपकाराची परतफेड म्हणून, आणि परतफेड कधीतरी फिटते. वेंदिदादमधला नियम आणि शरीफाबादचा घास परतफेडीचे नाहीत. ते रोजचे आहेत, म्हणून त्यांना तारीख नाही आणि इतिहासाच्या पुस्तकात त्यांना एखादी ओळ मिळते. म्हाताऱ्या कुत्र्याला पराक्रमाच्या आठवणींचा उपयोग नाही. त्याला आजचा घास हवा, तो शोधायची संधी हवी, आणि आपल्या भुंकण्याने अजून एखादा कावळा उडतो हे कळायला हवं.

तुमच्या घरी म्हातारं कुत्रं असेल तर एक काम करा. ते तरुण असताना तुमच्या घरात काय काय करायचं, याची यादी लिहा. बेल वाजली की भुंकणं, पिशवी हुंगणं, आजोबांसोबत कोपऱ्यापर्यंत जाणं, काहीही. मग त्यातलं काय तुम्ही आरामाच्या नावाखाली बंद केलंत ते बघा, आणि डॉक्टरांना विचारून त्यातलं एक काम, सोपं करून, उद्यापासून त्याला परत द्या.